दिल्लीदर्शनातील जैन पाऊलखुणा

सम्मेदशिखरजी किंवा हस्तिनापूरच्या यात्रेस निघालेले महाराष्ट्रातील श्रावक-श्राविका वाटेत एक-दोन दिवस दिल्लीत थांबतातच. या मुक्कामात लाल किल्ला, जामा मशीद, कुतुबमिनार, हुमायूनची कबर, इंडिया गेट आणि राष्ट्रपती भवन अशी ठरलेली स्थळे घाईघाईने पाहिली जातात व यात्रेची बस पुढे निघते. राजधानीचे वैभव पाहिल्याचे समाधान मिळते खरे. परंतु याच वास्तूंच्या आसपास, कित्येकदा त्यांच्या भिंतींतच, जैन समाजाचा नऊशे वर्षांचा इतिहास उभा आहे, याची जाणीव फार थोड्यांना असते. दिल्लीची प्रवासी पुस्तके त्याविषयी बहुधा मौन पाळतात.

या इतिहासाचा प्रारंभ मेहरौली परिसरात होतो. तोमर राजांची दिल्ली हीच. इ.स. ११३२ (विक्रम संवत् ११८९) मध्ये विबुध श्रीधर या कवीने येथे राहून अपभ्रंश भाषेत ‘पासणाहचरिउ’ हे भगवान पार्श्वनाथांचे चरित्र रचले. त्यात ‘ढिल्ली’ नगरीचे, तेथील गगनचुंबी वास्तूंचे व सरोवराचे वर्णन येते. दिल्लीच्या नावाचा हा सर्वांत जुन्या वाङ्मयीन उल्लेखांपैकी एक होय. कवीचे आश्रयदाते नट्टल साहू हे अग्रवाल जैन श्रेष्ठी होते. त्यांचा व्यापार थेट कोकण व महाराष्ट्रापर्यंत पसरलेला होता, असे कवी सांगतो. त्यांनी दिल्लीत आदिनाथ भगवंतांचे मंदिरही उभारले होते.

ते मंदिर आज नाही. कुतुबमिनाराशेजारच्या कुव्वत-उल-इस्लाम मशिदीच्या पूर्वद्वारावरील फारसी शिलालेखात, सत्तावीस मंदिरांचे साहित्य या बांधकामी वापरल्याची नोंद स्वतः विजेत्यांनीच करून ठेवली आहे. मशिदीच्या ओवऱ्यांतील खांब निरखून पाहिल्यास घंटा, साखळ्या, पूर्णकलश यांबरोबर काही ठिकाणी तीर्थंकरांच्या लहान आकृतीही दिसतात. नट्टल साहूंच्या मंदिराचे खांब यांतच असावेत, असे काही अभ्यासक मानतात; परंतु त्याला निर्णायक पुरावा नाही. बहुतेक यात्रेकरू मान उंचावून ७२.५ मीटर उंचीचा मिनार पाहतात आणि लोहस्तंभाजवळ छायाचित्र काढून परततात. नजर जरा खाली, त्या खांबांकडे वळवली, तर अधिक काही गवसेल.

कुतुबच्या जवळच दादाबाडी आहे. खरतरगच्छाचे मणिधारी जिनचंद्रसूरी यांचे इ.स. ११६६ मध्ये, अवघ्या सव्वीस वर्षांच्या वयात, दिल्लीत देहावसान झाले. अंत्ययात्रा वाटेत टेकविली असता पालखी पुन्हा उचलेना, म्हणून राजाज्ञेने तेथेच अंत्यसंस्कार झाले, अशी श्रद्धा आहे. श्रद्धेचा भाग श्रद्धेकडे ठेवला, तरी मुसलमानी सत्तेच्या आधीपासून अखंड पूजिले जाणारे दिल्लीतील हे दुर्मिळ स्थान आहे. याच भागातील ‘अहिंसा स्थळ’ या टेकडीवजा उद्यानात भगवान महावीरांची पद्मासनस्थ विशाल मूर्ती आहे. ती मात्र अलीकडच्या काळातील.

तेथून पूर्वेकडे तुघलकाबादचा ओसाड किल्ला लागतो. यात्रेच्या बसगाड्या सहसा तिकडे वळत नाहीत. वास्तविक महाराष्ट्रातील जैनांनी हा किल्ला आवर्जून पाहावा, अशी एक घटना तेथे घडली आहे. हांसीजवळील कन्नाणय या गावी भगवान महावीरांची एक प्रसिद्ध प्रतिमा होती. इ.स. ११९२ च्या पराभवानंतर श्रावकांनी ती वाळूत पुरून लपविली. कालांतराने ती पुन्हा सापडली, पूजेत आली, आणि इ.स. १३२८ च्या सुमारास ती हिसकावून नेऊन तुघलकाबादच्या खजिन्यात टाकण्यात आली. त्याच वर्षी आचार्य जिनप्रभसूरी दिल्लीत आले. त्यांच्या विद्वत्तेने सुलतान मुहम्मद बिन तुघलक प्रभावित झाला. आचार्यांनी स्वतःसाठी काही मागितले नाही. त्यांनी ती प्रतिमा मागितली. सुलतानाने ती सन्मानपूर्वक परत केली, तसेच श्रावकांच्या वस्तीसाठी जागाही दिली.

पुढे राजधानी देवगिरीस, म्हणजे दौलताबादेस, हलविण्याचा सुलतानाचा तो विख्यात खटाटोप झाला. जिनप्रभसूरीही देवगिरीस आले. तेथील जिनालयांवर संकट ओढवले असता त्यांनी शाही फर्मान दाखवून ती वाचविली आणि पैठणच्या मुनिसुव्रत भगवंतांची यात्राही केली. हे सारे त्यांच्या ‘विविधतीर्थकल्प’ या ग्रंथात आले आहे. हा ग्रंथ इ.स. १३३२-३३ च्या सुमारास योगिनीपत्तनात पूर्ण झाला. योगिनीपत्तन हे जैन ग्रंथांतील दिल्लीचेच नाव. ज्या सुलतानाला इतिहास लहरी म्हणतो, त्याच्याविषयी एका जैन आचार्यांनी कृतज्ञतेने लिहावे, ही गोष्ट इतिहासाची सरधोपट विभागणी करणाऱ्यांना विचारात पाडणारी आहे.

शाहजहानने १६३९ ते १६४८ या काळात लाल किल्ला बांधविला. त्याच्या समोरच, चांदणी चौकाच्या तोंडाशी, श्री दिगंबर जैन लाल मंदिर आहे. छावणीतील जैनांनी तंबूत मूर्ती ठेवून पूजा सुरू केली व १६५६ मध्ये मंदिराची स्थापना झाली, अशी परंपरा सांगते. आजची इमारत बरीचशी नंतरची आहे. तेथील काही मूर्ती जीवराज पापडीवाल यांनी संवत् १५४८ मध्ये प्रतिष्ठित केलेल्यांपैकी आहेत. मंदिराच्या आवारात पक्ष्यांचे रुग्णालय आहे. हे कार्य १९२९ मध्ये सुरू झाले व १९५७ मध्ये या जागी आले. मांसाहारी पक्ष्यांवरही येथे उपचार होतात, मात्र त्यांना दाखल करून घेत नाहीत.

लाल मंदिर सर्वांना ठाऊक असते. त्यामागच्या गल्ल्यांतील नवे मंदिर मात्र क्वचितच कोणी पाहतो. बादशाही खजिनदार राजा हरसुख राय यांनी १८०० मध्ये धर्मपुऱ्यात त्याचे काम आरंभिले. त्या वेळी नावाला शाह आलम बादशहा होता, परंतु दिल्लीवर सत्ता शिंद्यांची होती. १८०३ मध्ये पटपडगंजच्या लढाईनंतर ती इंग्रजांकडे गेली, आणि १८०७ च्या अक्षय तृतीयेस मंदिराची प्रतिष्ठा झाली तेव्हा शहराचे धनी बदललेले होते. मोगल अमदानीत दिल्लीतील मंदिरांना शिखर नसे. या मंदिराला ते लाभले. संगमरवरी वेदीवरील रंगीत रत्नांचे जडावकाम अप्रतिम आहे. येथील दगडी कोरीव तिरक्या आधारांची जेम्स फर्ग्युसनसारख्या वास्तुतज्ज्ञाने प्रशंसा केली आहे. सुमारे आठ लाख रुपये खर्च झाल्याचे सांगतात.

याच बांधकामाविषयीची एक आठवण दिल्लीच्या जैन समाजात पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. काम संपत आले असताना हरसुख रायांनी ते अकस्मात थांबविले. लोकांत कुजबुज सुरू झाली. राजाचे धन संपले, असेही कोणी म्हणाले. पंच विचारावयास गेले, तेव्हा त्यांनी उरलेल्या कामासाठी वर्गणी मागितली. हवी तेवढी रक्कम एकट्याने देण्याची अनेकांची तयारी होती; परंतु त्यांनी प्रत्येक घरातून अगदी थोडेथोडेच घेतले. मंदिर आपल्या एकट्याच्या नावाचे न राहता पंचायतीचे व्हावे, हा त्यामागील हेतू होता.

लाल मंदिराकडून चांदणी चौकातून चालत गेल्यास किनारी बाजाराची अरुंद गल्ली लागते. तेथे धर्मपुऱ्यातील ‘नया मंदिर’ विचारले की कोणीही वाट दाखवितो. दोनशे वर्षे उलटली, तरी त्याचे नाव अद्याप ‘नवे’च आहे.