नव्या प्रवाळाचे पहिले चाळीस दिवस

प्रवाळ दिसायला फुलासारखे, हाताला दगडासारखे. प्रत्यक्षात मात्र तो प्राणी आहे. समुद्रपुष्प आणि जेलीफिश हे त्याचे जवळचे नातलग. शेकडो पॉलिपांची वसाहत स्वत:खाली चुन्याचा सांगाडा रचत जाते. या पॉलिपांच्या ऊतींमध्ये राहणारी सूक्ष्म एकपेशीय शैवाले प्रकाशाच्या साहाय्याने अन्न तयार करतात आणि त्याचा मोठा वाटा यजमानाला देतात. प्रवाळाचे रंगरूप आणि वाढ या भागीदारीवरच अवलंबून असते. ही भागीदारी नाजूक असल्याने नव्याने आणलेले प्रवाळ बहुधा पहिल्या काही आठवड्यांतच दगावते किंवा स्थिरावते.

कायदा काय सांगतो?

घरच्या टाकीत जिवंत खडकांच्या आधाराने समुद्री जीव जगवण्याची पद्धत इंडोनेशियातील ली चिन एंग यांनी १९६१ मध्ये अमेरिकेतील एका मत्स्यविषयक मासिकातून जगासमोर मांडली. पुढे अमेरिका, युरोप, सिंगापूर, ऑस्ट्रेलिया येथे हा छंद रुजला. भारतात मात्र खडक रचणारी सर्व प्रवाळे, काळी प्रवाळे आणि समुद्रपंखे २००१ पासून वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहेत. मालवण, लक्षद्वीप, कच्छचे आखात, मन्नारचे आखात किंवा अंदमान येथून ती काढणे आणि त्यांचा व्यापार करणे हा कारावासास पात्र गुन्हा आहे. आंतरराष्ट्रीय व्यापारावरही 'साइट्स' कराराचे नियंत्रण असते. म्हणून पुढील माहिती मुख्यत: ज्या देशांत हा छंद कायदेशीर आहे तेथील मराठी कुटुंबांच्या उपयोगाची आहे. त्यांनीही समुद्रातून तोडलेल्या वसाहतीऐवजी टाकीत वाढवलेल्या प्रवाळाचा तुकडा घेणे श्रेयस्कर. तो बंदिस्त पाण्याला सरावलेला असतो आणि त्यासाठी समुद्रातील खडकाला हात लावावा लागत नाही.

आधी पाणी, मग प्रवाळ

प्रवाळ आणण्यापूर्वी टाकी काही महिने चालून स्थिरावलेली असावी. तापमान २४ ते २७ अंश सेल्सिअस, क्षारता हजारी ३५ भाग (विशिष्ट गुरुत्व सुमारे १.०२६), सामू ८.१ ते ८.४, कॅल्शियम लिटरमागे ४०० ते ४५० मिलिग्रॅम, मॅग्नेशियम १२५० ते १३५० मिलिग्रॅम आणि अल्कता ८ ते ९ जर्मन अंश, ही सर्वसाधारण मर्यादा होय. सांगाडा रचताना प्रवाळ कॅल्शियम व कार्बोनेट सतत शोषून घेते, म्हणून या मोजमापांची नियमित तपासणी आवश्यक असते. आकड्यांइतकेच महत्त्व त्यांच्या स्थैर्याला आहे. अल्कता आज सात आणि उद्या दहा होणाऱ्या टाकीपेक्षा रोज आठवर राहणारी टाकी प्रवाळाला अधिक मानवते. नायट्रेट व फॉस्फेट अल्प प्रमाणात असावेत. ते पूर्ण शून्यावर गेल्यासही प्रवाळ फिके पडून खंगू लागते.

पहिला दिवस

प्रवाळाची बंद पिशवी मंद प्रकाशात पंधरा-वीस मिनिटे टाकीच्या पाण्यावर तरंगत ठेवावी, म्हणजे आतले व बाहेरचे तापमान सारखे होते. त्यानंतर पिशवीतील पाणी भांड्यात ओतून त्यात टाकीचे पाणी थोडेथोडे मिसळावे. जवळच्या दुकानातून आणलेल्या प्रवाळासाठी अर्धा तास पुरेसा असतो. लांबच्या प्रवासानंतर मात्र हा काळ वाढवू नये. बंद पिशवीत साठलेल्या कार्बन डायऑक्साइडमुळे पाण्याचा सामू उतरलेला असतो व त्यामुळे अमोनियाचे विष दबलेले असते. पिशवी उघडताच सामू चढतो आणि तोच अमोनिया घातक ठरू लागतो. पिशवीतील पाणी टाकीत कधीही ओतू नये.

प्रवाळ नेहमी त्याच्या सांगाड्याला धरूनच उचलावे. टॉर्च प्रवाळासारख्या मांसल जातींच्या ऊती बोटांच्या दाबाने स्वत:च्याच धारदार सांगाड्यावर फाटतात आणि त्या जखमेतून संसर्ग शिरतो. झोअँथिड व पॅलिथोआ या जातींच्या बाबतीत काळजी माणसाची घ्यावी लागते. त्यांतील काहींमध्ये पॅलिटॉक्सिन हे अतितीव्र विष असते. त्यांना हाताळताना हातमोजे व चष्मा वापरावा. त्यांनी भरलेला खडक उकळत्या पाण्यात टाकणे किंवा कोरडा घासणे हे घरातील सर्वांच्या जिवावर बेतू शकते, कारण वाफेतून व तुषारांतून हे विष श्वासावाटे शरीरात जाते.

विलगीकरण

विलगीकरणासाठी इंग्रजीत रूढ असलेला 'क्वारंटाइन' हा शब्द इटालियन भाषेतील 'चाळीस दिवस' या अर्थाच्या शब्दांवरून आला. प्रवाळाच्या बाबतीतही चार ते सहा आठवडे हाच काळ योग्य ठरतो. नव्या तुकड्याबरोबर चपटे कृमी, प्रवाळभक्षी समुद्री गोगलगायी, बारीक लाल कीटक किंवा काचेसारखे दिसणारे एप्टेशिया हे उपद्रवी समुद्रपुष्प टाकीत शिरू शकते. बाजारात मिळणाऱ्या प्रवाळ-स्नानाच्या द्रावणात उत्पादकाने सांगितलेली मात्रा व वेळ पाळून तुकडा बुडवल्यास जिवंत कीड गळून पडते; तिची अंडी मात्र या द्रावणाला दाद देत नाहीत. म्हणून तुकड्याचा मूळचा तळ काढून टाकणे, दिसणारी अंडी खरवडणे आणि नवी पिढी बाहेर पडेल या हिशेबाने आठवड्याच्या अंतराने पुन्हा स्नान घालणे हाच खात्रीचा उपाय. वेगळ्या छोट्या टाकीत हे काम सुरक्षितपणे होते. मुख्य टाकीत शिरलेली कीड हटवणे अतिशय कष्टाचे असते.

जागा, प्रकाश, प्रवाह

नवे प्रवाळ प्रथम तळाशी, मंद प्रकाशात ठेवावे आणि दोन-तीन आठवड्यांत टप्प्याटप्प्याने त्याच्या योग्य जागी न्यावे. अॅक्रोपोरासारख्या बारीक पॉलिपांच्या जातींना तीव्र प्रकाश व जोरदार प्रवाह लागतो; मांसल जातींना मध्यम प्रकाश आणि शुंडके हलकेच डोलतील एवढाच प्रवाह पुरतो. शेजाऱ्यांमध्ये अंतर राखणेही आवश्यक आहे. टॉर्च व गॅलेक्सिया या जाती रात्री लांब दंशशुंडके पसरून शेजारच्या प्रवाळाला जाळतात. त्यांच्याभोवती वीतभर जागा मोकळी ठेवावी. पहिले काही दिवस अन्न घालू नये. पॉलिप नियमित उघडू लागल्यावर आठवड्यातून एक-दोनदा बारीक कोळंबीसारखे खाद्य द्यावे.

धोक्याची लक्षणे

पहिले दोन-तीन दिवस प्रवाळ मिटून राहिले, तर घाबरून त्याची जागा वारंवार बदलू नये. रंग उडून पांढरा सांगाडा दिसू लागला आणि ऊती शाबूत असल्या, तर ते विरंजन होय. शैवाले निघून गेली असली तरी प्राणी जिवंत असतो. प्रकाश कमी केल्यास आणि तापमान स्थिर ठेवल्यास तो काही आठवड्यांत वा महिन्यांत सावरू शकतो. ऊती सांगाड्यावरून सुटू लागल्या किंवा तपकिरी चिकट द्रव दिसला, तर मात्र तो तुकडा त्वरित वेगळा करून बाधित फांदी छाटावी. अन्यथा शेजारची प्रवाळेही जातात.

समुद्रातील प्रवाळांना ही सोय नाही. एप्रिल २०२४ मध्ये शास्त्रज्ञांनी चौथे जागतिक विरंजन जाहीर केले. त्यामागे मुख्यत: समुद्राची वाढलेली उष्णता होती. एक-दोन अंशांचा फरक प्रवाळाला काय करतो, हे घरची टाकी सांभाळणाऱ्याला तापमापकावर रोज दिसते. तो फरक टाळणे, हेच या छंदातील पहिले आणि शेवटचे कर्तव्य.