नाडी मोजायला शिकवणारी माणसं

डॉक्टर भेटला की आपण कौतुकानं विचारतो, कुठल्या कॉलेजचे, कुठल्या सरांचे विद्यार्थी? गवयाला तर घराणं विचारल्याशिवाय आपण पुढं जातच नाही. पण आपल्या उशाशी रात्रभर जागणाऱ्या नर्सला, बाई, तुम्हाला कुणी शिकवलं, असं विचारलेलं मी तरी ऐकलं नाही. मीही विचारलं नसतं. मी कविता लिहिणारा बी. ए. झालेला माणूस, दवाखान्याशी माझा संबंध औषधाच्या चिठ्ठीपुरता. पण माझी थोरली बहीण, आमची आपा, आधी नर्स झाली आणि मग नर्सेसना शिकवणारी झाली. तिच्यामुळं हा प्रश्न आमच्या घरात शिरला. नर्सला शिकवणारी माणसं कोण होती, कुठून आली, आणि त्यांना असं काय येत होतं, याचा मी माझ्या परीनं शोध घेतला. तोच आज सांगतो.

या शिक्षिकांचा मूळपुरुष, म्हणजे खरं तर मूळस्त्री शोधायची तर मला मदिनेपर्यंत जावं लागतं. सातव्या शतकात तिथं रुफैदा नावाची एक बाई होती, अस्लम टोळीतली. मशिदीपाशी तिचा तंबू असे. ६२७ सालच्या खंदकाच्या लढाईत जखमी झालेल्या साद इब्न मुआझ यांना याच तंबूत ठेवलं होतं. तिचा बाप वैद्य होता, त्याच्या हाताखाली ती शिकली आणि पुढं तिनं इतर बायकांना शिकवलं, असं परंपरा सांगते. १९७७ साली आपानं नर्सिंगला जायचं म्हटलं तेव्हा आमच्या घरात महिनाभर भांडण चाललं. चाचा म्हणत, ‘‘लडकी परक्या मर्दांना हात लावणार? रात्रपाळी करणार?’’ रुफैदाचं नाव तेव्हा आमच्या घरात कुणालाच ठाऊक नव्हतं. ठाऊक असतं तर ते भांडण दोन दिवसांत मिटलं असतं. शेवटी अम्मीच म्हणाली, ‘‘माझी तीन बाळंतपणं ज्या सिस्टरनं केली तीही कुणाची तरी लडकीच होती ना?’’ अब्बांनी शिलाई मशीन थांबवलं, चष्मा पुसला आणि फॉर्मवर सही केली.

आता युरोपात येऊ. जर्मनीत ऱ्हाइन नदीकाठच्या कैझर्सवेर्थ गावात १८३६ साली थिओडोर फ्लीडनर या पाद्र्यानं आणि फ्रीडरिके या त्याच्या बायकोनं रुग्णसेवा शिकवणारी संस्था काढली. तिथं पहिली दाखल झाली गेरट्रूड रायशार्ट. ही एका डॉक्टरची मुलगी. बापाला मदत करता करता ती बरंच शिकून आली होती. फ्लॉरेन्स नाइटिंगेल १८५१ साली याच संस्थेत शिकायला गेली. पुढं क्रिमियन युद्धानंतर लोकांनी तिच्या सन्मानार्थ निधी जमवला आणि त्यातून १८६० साली लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात नर्सिंगची शाळा निघाली. पहिल्या तुकडीत पंधरा जणी होत्या.

आपल्याला वाटतं, तिथं फ्लॉरेन्सबाईच वर्गावर जात असतील. तसं नव्हतं. त्यांची तब्येत ढासळलेली होती; त्या घरून पत्रं लिहीत, देखरेख करीत. शाळा चालवली ती सेरा वॉर्डरोपर या मेट्रननं. या बाई एका डॉक्टरच्या विधवा, पदरात चार मुलं. नर्सिंगचं कसलंही रीतसर शिक्षण त्यांनी घेतलेलं नव्हतं. जे येत होतं ते रुग्णालय चालवता चालवता आलेलं. व्याख्यानं द्यायला डॉक्टर येत आणि प्रत्यक्ष काम शिकवायच्या त्या वॉर्डातल्या सिस्टर.

इथं माझ्या एक गोष्ट लक्षात आली. एक वैद्याची मुलगी, एक डॉक्टरची मुलगी, एक डॉक्टरची विधवा. या पहिल्या शिक्षिकांचं ज्ञान खरं होतं, पण त्यांचा मान मात्र बापाच्या, नवऱ्याच्या नाहीतर देवळाच्या दारातून आलेला होता. स्वतःच्या ज्ञानाच्या बळावर ‘मी शिक्षिका’ असं म्हणायला नर्सला अजून बरीच वाट पाहायची होती.

ती वाट अमेरिकेत उघडली. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठाच्या टीचर्स कॉलेजमध्ये १८९९ साली नर्सेससाठी एक अभ्यासक्रम सुरू झाला. उद्या ज्यांना रुग्णालयं आणि शाळा चालवायच्या आहेत, त्यांनी आधी कसं चालवायचं आणि कसं शिकवायचं हे शिकावं, हा त्यामागचा विचार. १९०७ साली तिथं अ‍ॅडलेड नटिंग यांची प्राध्यापक म्हणून नेमणूक झाली. जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयाच्या नर्सिंग शाळेच्या त्या पहिल्या तुकडीच्या, १८९१ सालच्या. त्याच शाळेच्या त्या पुढं प्रमुखही झाल्या होत्या. विद्यापीठात प्राध्यापकपदावर बसलेली जगातली पहिली नर्स म्हणून त्यांचं नाव घेतात. त्यांच्या नावामागं ना वडिलांचा दवाखाना होता, ना नवऱ्याचा. वॉर्ड होता आणि अभ्यास होता.

आपल्याकडं काय चाललं होतं? सरकारी आणि मिशनच्या रुग्णालयांत नर्सिंगचं शिक्षण एकोणिसाव्या शतकातच सुरू झालं होतं. मद्रासची शाळा १८७१ सालची. शिकवणाऱ्या बहुतेक परदेशी मेट्रन आणि मिशनच्या सिस्टर. शिकणाऱ्या मुलींत ख्रिस्ती आणि अँग्लो-इंडियन अधिक. हिंदू-मुसलमान घरांतल्या मुली येईनात. रक्त, मलमूत्र, परक्या जातीच्या माणसाचा स्पर्श, पुरुषांचा वॉर्ड, रात्रपाळी, हे सगळं आपल्या उंबऱ्याच्या आत बसत नव्हतं.

हा उंबरा ओलांडायला महाराष्ट्रात ज्यांनी हात दिला त्यांत रमाबाई रानडे आहेत. न्यायमूर्ती रानडे १९०१ साली गेले. पुढं पुण्याचं सेवासदन रमाबाईंच्या नेतृत्वाखाली उभं राहिलं. विधवा आणि निराधार बायकांना नर्सिंगचं शिक्षण मिळावं म्हणून सेवासदननं त्यांना ससून रुग्णालयात पाठवलं आणि शिकाऊ नर्सेससाठी वसतिगृह चालवलं. रमाबाई काही नर्स नव्हत्या. नाडी कशी बघावी हे त्यांनी कुणाला शिकवलं नाही. पण ‘न्यायमूर्तींच्या पत्नी पाठीशी आहेत’ एवढ्या एका गोष्टीवर कितीतरी घरांनी आपल्या मुलीला दार उघडलं असेल. शिक्षण म्हणजे नुसता तास घेणं नव्हे. मुलगी तासाला येईल अशी सोय करणं हेही शिक्षणच.

१९४६ साल हे आपल्याकडचं वळण. सर जोसेफ भोर यांच्या समितीचा अहवाल त्या वर्षी आला. सगळ्या ब्रिटिश हिंदुस्थानात नर्सेस होत्या सुमारे ७ हजार. म्हणजे ४३ हजार माणसांमागं एक. त्याच वर्षी दिल्लीत आणि वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात नर्सिंगचा पदवी अभ्यासक्रम सुरू झाला. दिल्लीच्या कॉलेजला पुढं देशाच्या पहिल्या आरोग्यमंत्री राजकुमारी अमृत कौर यांचं नाव मिळालं. १९४७ साली भारतीय परिचर्या परिषदेचा कायदा झाला. १९५९ साली दिल्लीत एम. एस्सी. सुरू झालं; कॉलेजात शिकवणारी नर्स आता देशातच तयार होऊ लागली. मुंबईत एस. एन. डी. टी. महिला विद्यापीठाचं लीलाबाई ठाकरसी नर्सिंग कॉलेज १९६४ साली निघालं.

आमची आपा या कॉलेजांच्या वाटेनं आली नाही. ती रुग्णालयाच्या शाळेतून डिप्लोमा करून आली. तिथं त्यांना शिकवायला केरळच्या एक सिस्टर होत्या. सरकारी कागदावर या पदाला ‘पाठ्यनिर्देशिका’ म्हणतात. मुली म्हणायच्या ‘ट्यूटर सिस्टर’. त्या सिस्टरांचं मराठी मल्याळी वळणाचं. आपा घरी येऊन त्यांची नक्कल करायची आणि आम्ही हसायचो. पण बिछाना घालताना चादरीचे कोपरे कसे मुडपायचे, बेडसोअर होऊ नये म्हणून रोग्याला कुशीवर कसं वळवायचं, हे त्यांनी असं शिकवलं की अब्बा शेवटी अंथरुणाला खिळले तेव्हा सहा महिन्यांत त्यांच्या पाठीवर एक फोड आला नाही.

बारा वर्षं वॉर्डात काढल्यावर आपा शिकवू लागली. एकदा मी तिला विचारलं, ‘‘आपा, तुला असं काय कळतं जे पुस्तकात नाही?’’ ती म्हणाली, ‘‘नवीन पोरगी नाडी मोजते का नुसतंच मनगट धरून उभी राहते, ते मला दारातनं कळतं. मोजणारीचे डोळे घड्याळावर असतात आणि ओठ हलतात. न मोजणारी इकडंतिकडं बघते आणि कागदावर बहात्तर लिहिते. सगळ्या वॉर्डाची नाडी बहात्तर आली की समजायचं, आज कुणी मोजलीच नाही.’’

मग एक दिवस ती घरी आली ती गप्प. संस्थेच्या शाळेचं कॉलेज होणार होतं. कॉलेजला पदव्या लागतात. तिच्या डिप्लोम्यावर कॉलेजात शिकवता येणार नव्हतं. वॉर्डातल्या आणि वर्गातल्या अठरा वर्षांना अर्जात रकाना होता, पण त्यानं पदवीची जागा भरून निघत नव्हती. मला राग आला. मी त्या रागात एक कविताही लिहिली. आपानं ती वाचली, घडी करून परत दिली आणि वयाच्या चाळिसाव्या वर्षी पोस्ट बेसिक बी. एस्सी.ला नाव घातलं. तिच्या वर्गात तिच्याच दोन विद्यार्थिनी होत्या.

दोन वर्षांनी मी विचारलं, ‘‘पदवीनं काय दिलं?’’ मला वाटलं होतं, ती ‘कागद’ म्हणेल. ती म्हणाली, ‘‘हात धुवा, हात धुवा, असं मी पोरींना इतकी वर्षं ओरडून सांगत होते. न धुतल्यानं किती बिघडतं हे आकड्यात मांडून डॉक्टरांच्या समोर ठेवायला मी कॉलेजात शिकले. आधी ते मला ‘सिस्टर, तुमचं काम करा’ म्हणायचे. आता कागद वाचतात.’’ माझी कविता तिथंच चुकली होती, हे मला कळलं. पदवी ही तिच्या अनुभवाची वैरीण नव्हती. तिच्या अनुभवाला बोलायला मिळालेली भाषा होती.

पण तिची एक तक्रारही होती आणि ती मला आजही खरी वाटते. पदव्या वाढत गेल्या तशा शिकवणाऱ्या बाया वॉर्डापासून लांब जाऊ लागल्या. १९११ साली अमेरिकेत मार्था चेस या बाहुल्या करणाऱ्या बाईनं हार्टफर्डच्या रुग्णालयासाठी एक माणसाएवढी बाहुली करून दिली. मुलींनी तिच्यावर सराव करायचा. ‘मिसेस चेस’ म्हणून ती प्रसिद्ध झाली. आजच्या कॉलेजांतले पुतळे श्वास घेतात, त्यांची नाडीही लागते. ते असावेतच, पहिली सुई माणसाला टोचण्याआधी पुतळ्याला टोचलेली बरी. पण पुतळा ‘सिस्टर, मला घरी कधी सोडणार?’ असं विचारत नाही. त्याला काय उत्तर द्यायचं, हे ज्या बाईनं हजार वेळा दिलेलं आहे तिच्याकडूनच शिकता येतं.

आज नर्सिंगच्या एम. एस्सी.मध्ये वैद्यकीय-शल्य, स्त्रीरोग व प्रसूती, बालआरोग्य, मानसिक आरोग्य आणि सामुदायिक आरोग्य अशा पाच शाखा आहेत. म्हणजे बाळंतिणीच्या वॉर्डातली तज्ज्ञ वेगळी आणि मनोरुग्णांच्या वॉर्डातली वेगळी. दहा विद्यार्थ्यांमागं एक शिक्षक असावा असं परिषदेचं प्रमाण आहे. २०२३ साली देशात १५७ नवी सरकारी नर्सिंग कॉलेजं काढायचं जाहीर झालं आणि त्याच वर्षी १९४७ च्या कायद्याच्या जागी नव्या राष्ट्रीय आयोगाचा कायदा संमत झाला. इमारती उभ्या राहतील, पुतळे विकत आणता येतील. शिक्षिका मात्र विकत आणता येत नाही. पदवी, वरची पदवी आणि वॉर्डातली वर्षं धरली तर ती तयार व्हायला दहा-पंधरा वर्षं लागतात. म्हणून मला वाटतं, कॉलेजातल्या प्रत्येक नर्सिंग शिक्षिकेचा आठवड्यातला काही वेळ वॉर्डातच जावा, आणि तो तिच्या नोकरीत, बढतीत मोजला जावा. वॉर्डातल्या अनुभवी सिस्टरला शिकायला रजा आणि पगार मिळावा. चाळिशीत तिला घर आणि पुस्तक यांतून एक निवडायला लागू नये.

आपा निवृत्त झाली त्याला आता काही वर्षं झाली. मागं मला छातीत दुखू लागलं म्हणून तीन दिवस रुग्णालयात राहावं लागलं. सकाळी एक शिकाऊ मुलगी आली, तिनं माझं मनगट धरलं. मी तिच्या तोंडाकडं बघत राहिलो. डोळे घड्याळावर, आणि ओठ हलत होते. ती गेल्यावर मी आपाला फोन लावला आणि मोठ्या कौतुकानं हे सांगितलं.

आपा पलीकडून म्हणाली, ‘‘ते ठीक आहे. पूर्ण मिनिटभर मोजली का?’’

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)