चार इंचांचीं अक्षरें



घोडा म्हटला कीं आम्हां खानदेशी लोकांस प्रथम सारंगखेडें आठवतें. तेथें तापीच्या कांठीं, मार्गशीर्षी पौर्णिमेच्या सुमारास, दत्ताच्या यात्रेंत घोड्यांचा बाजार भरतो. पिंपळनेरास मास्तरकी करीत असतां त्या बाजाराला मी बरेच वेळां गेलों. गिऱ्हाईक घोड्याचे दांत पाहतें, अंगावरचे भोंवरे न्याहाळतें, चाल पाहतें. मगच सौदा ठरतो. जिवंत जनावर आपली ओळख अंगावरच बाळगतें. त्याचें मांस झालें, कीं ती ओळख पुसली जाते. तुकडा घोड्याचा कीं दुसऱ्या कशाचा, हें सामान्य माणसास डोळ्यांनीं सांगतां येत नाहीं. कायद्याचें काम येथूनच सुरू होतें.

इंग्लंडच्या पार्लमेंटानें १८८९ सालीं या मांसाच्या विक्रीसंबंधीं एक लहानसा कायदा केला. विक्रीस त्यानें बंदी केली नाहीं. जेथें घोड्याचें मांस विकावयाचें, तेथें तसें सांगणारी पाटी निदान चार इंचांच्या ठळक अक्षरांत असावी, आणि विक्री चालू असेपर्यंत ती दिवसा व रात्रीं दिसावी, अशी अट घातली. ज्यानें दुसरें मांस मागितलें, त्यास हें देऊं नये, असेंही बजावलें. गाढव व खेचर याच सदरांत धरले. नियम मोडणारास वीस पौंडांपर्यंत दंड होता. काय खावें हें कायद्यानें सांगितलें नाहीं. काय विकतों हें मात्र सांगावयास लावलें.

आपणांस याच्याशीं काय कर्तव्य, असें कोणी म्हणेल. पहिल्या महायुद्धांत, डिसेंबर १९१५ मध्यें, मेसापोटेमियांतील कुत येथें तुर्कांनीं जनरल टाउनशेंडच्या फौजेस वेढा घातला. ही फौज पुणें डिव्हिजनची. तींत मराठा पलटणीही होत्या. धान्य संपत आलें, तेव्हां घोडे व खेचरें कापण्यांत आलीं. हिंदी शिपायांपैकीं पुष्कळांनीं कित्येक आठवडे तें मांस नाकारलें. हिंदुस्थानांतून धर्मपुढाऱ्यांची संमति मिळविण्यांत आली. तरी गांवीं परतल्यावर जातभाई काय म्हणतील, ही धास्ती सुटेना. अखेर उपासमारीपुढें अनेकांनीं तें पत्करलें. २९ एप्रिल १९१६ रोजीं फौज शरण गेली. कोणाचें बरोबर, कोणाचें चूक, हा निवाडा मी करीत नाहीं. परंतु ज्यानें नाकारलें त्यानें जाणून नाकारलें, आणि ज्यानें खाल्लें त्यानेंही जाणून खाल्लें. तेवढा मान त्या उपाशी शिपायासही मिळाला.

आपल्या देशांत खाद्य जनावरांच्या सरकारी यादींत घोडा नाहीं. म्हणून त्याच्या पाटीचा प्रश्नच येत नाहीं. तत्त्व मात्र तेंच आहे. २००१ सालापासून बंद पुड्यांवर शाकाहाराची हिरवी व मांसाहाराची तपकिरी खूण आली. २००६ च्या अन्न सुरक्षा कायद्यानें खोट्या वेष्टनास तीन लाख रुपयांपर्यंत दंड ठेवला.

तरीही नुसत्या पाटीनें भागत नाहीं. जानेवारी २०१३ मध्यें आयर्लंडांत गोमांसाच्या म्हणून विकलेल्या २७ पदार्थांच्या तपासणीचा निकाल जाहीर झाला. त्यांपैकीं १० मध्यें घोड्याचा अंश निघाला. वेष्टनें होतीं, अक्षरेंही होतीं. खरेपणा तेवढा नव्हता. पाटीमागें प्रयोगशाळा हवी, आणि पाटी वाचणारें गिऱ्हाईकही हवें. सारंगखेड्याच्या बाजारांत दांत पाहिल्यावांचून कोणी घोडा घेत नाहीं. किराणा घरांत घेतांना आपण तितकी तरी चौकसी करावी.