मिल्वॉकीचे गटार-समाजवादी

अमेरिकेच्या राजकारणाचा इतिहास लिहिणारे बहुतेक ग्रंथकार तिसऱ्या पक्षाचा परामर्श राष्ट्राध्यक्षाच्या निवडणुकीपुरताच घेतात. त्यामुळे वाचकाची अशी समजूत होते की, हत्ती आणि गाढव ही चिन्हे मिरवणाऱ्या दोन पक्षांवाचून त्या विस्तीर्ण देशात सत्तेची किल्ली कोणाच्या कमरेला कधी लागलीच नाही. राज्यांच्या आणि नगरांच्या कचेऱ्यांतील जुनी दफ्तरे चाळली म्हणजे निराळाच मजकूर हाती लागतो, आणि त्यांतील सर्वांत रसाळ प्रकरण विस्कॉन्सिन राज्यातील, मिशिगन सरोवराच्या पश्चिम तीरावरच्या मिल्वॉकी नगराचे आहे, असे माझे मत आहे.

बिअरच्या भट्ट्या, चामड्याचे कारखाने आणि यंत्रशाळा यांवर वाढलेले हे नगर वस्तीने मुख्यत्वे जर्मन होते, दक्षिणेकडील वाड्यांत पोलिश कामकरी राहत. 1848 च्या फसलेल्या क्रांतीनंतर मायदेश सोडून आलेल्या जर्मनांनी आपल्या गायनमंडळांबरोबर आणि तालीमखान्यांबरोबर लोकसत्तेविषयीची आपली मतेही येथे आणली होती. विसाव्या शतकाच्या आरंभी डेव्हिड रोझ या डेमोक्रॅटिक महापौराच्या अमदानीत नगराचा कारभार इतका सडला की, ग्रँड ज्यूरीने नगरसेवक, अंमलदार आणि मक्तेदार यांच्यावर लाचलुचपतीच्या आरोपांची रास घातली. दोन्ही मोठ्या पक्षांची माणसे त्या राशीत सापडली, ही गोष्ट तिसऱ्या पक्षाच्या पथ्यावर पडली.

तो पक्ष समाजवाद्यांचा होता आणि त्याचा सूत्रधार व्हिक्टर बर्जर हा ऑस्ट्रिया-हंगेरीतून आलेला एक शाळामास्तर होता. क्रांती उद्या सकाळी होणार असे सांगून सभा गाजवण्यापेक्षा मतदारांच्या याद्या नीट ठेवण्यावर त्याचा अधिक विश्वास असे. रविवारी पहाटे, नगर अद्याप साखरझोपेत असताना, पक्षाचे स्वयंसेवक छापील पत्रकांचे गठ्ठे काखेत मारून बाहेर पडत, आणि जर्मनाच्या दारी जर्मन, पोलिशाच्या दारी पोलिश, इतरांच्या दारी इंग्रजी पत्रक टाकून उजाडण्यापूर्वी घरी परतत. या चिकाटीचे फळ 1910 च्या एप्रिलमध्ये पदरी पडले: तिरंगी लढतीत एमिल सायडेल हा लाकडी साचे कोरणारा कारागीर महापौर झाला, आणि नगरसभेतही त्याच्या पक्षाला बहुमत मिळाले. अमेरिकेतील एखाद्या मोठ्या शहराने समाजवादी महापौर निवडण्याचा हा पहिलाच प्रसंग होता. त्याचा चिटणीस म्हणून जो तरुण पत्रकार कचेरीत येऊन बसला तो पुढे कवी म्हणून कीर्ती पावलेला कार्ल सँडबर्ग होय. सायडेलने आरंभी हात घातला तो मात्र रुक्ष अशा जमाखर्चाला. विस्कॉन्सिन विद्यापीठातील अर्थशास्त्राचे प्राध्यापक जॉन कॉमन्स यांच्या देखरेखीखाली त्याने काटकसर आणि कार्यक्षमता यांचे एक खाते उघडले व नगराचा पैसा कोठे जातो याचा छडा लावण्यास सांगितले.

दोन वर्षांनी जे घडले ते या इतिहासाचे मर्म आहे. एरवी परस्परांचे तोंड न पाहणारे डेमोक्रॅट आणि रिपब्लिकन 1912 मध्ये एकत्र आले, डॉक्टर गेरहार्ड बॅडिंग हा एकच उमेदवार त्यांनी उभा केला, आणि मागच्यापेक्षा अधिक मते मिळूनही सायडेल पडला. तिरंगी लढतीची दुरंगी करावी एवढ्याने विजेत्यांचे समाधान झाले नाही. त्याच वर्षी राज्याच्या विधिमंडळाने कायदा करून नगरांच्या निवडणुकीतून पक्षांची नावेच काढून टाकली. मतपत्रिकेवर केवळ उमेदवारांची नावे राहावीत, म्हणजे दोन मोठ्या पक्षांच्या मतदारांना एका माणसामागे उभे राहण्यास संकोच वाटणार नाही आणि समाजवादी एकाकी पडतील, असा तो हिशेब होता. हिशेब चतुराईचा होता. पण पक्षाचे नाव पुसल्यावर मतदाराच्या नजरेसमोर उरतो तो माणूस, हे त्यात धरायचे राहून गेले. समाजवादी या शब्दाला बिचकणारा जो दुकानदार त्या पक्षाच्या रकान्यात खूण करण्यास धजावला नसता, तो आता बिनघोर त्या माणसाला मत देऊ शकला. 1910 मध्ये नगराचा सरकारी वकील म्हणून निवडून आलेला डॅनियल होन याने 1916 मध्ये बॅडिंगचाच पराभव केला, आणि तो 1940 पर्यंत, म्हणजे अखंड चोवीस वर्षे, महापौर राहिला. ज्या कायद्याने तिसऱ्या पक्षाला मूठमाती द्यावयाची होती, त्यानेच त्याला एवढे दीर्घायुष्य द्यावे, हा दैवाचा विनोद नव्हे तर काय?

बर्जरच्या वाट्याला आलेले भोग याहून कडवट होते. 1910 च्या नोव्हेंबरात तो अमेरिकी लोकसभेत निवडून जाणारा पहिला समाजवादी ठरला. पुढे महायुद्धाला विरोध केल्याबद्दल त्याच्यावर खटला भरण्यात आला. खटला उभा असतानाच मिल्वॉकीच्या मतदारांनी त्याला पुन्हा निवडले. त्यानंतर त्याला वीस वर्षांची सजा फर्मावण्यात आली, आणि सभागृहाने त्याला आसन नाकारले. पोटनिवडणूक झाली, मतदारांनी पुन्हा त्यालाच पाठवले, सभागृहाने पुन्हा नाकारले, आणि ती जागा रिकामीच राहिली. 1921 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शिक्षा रद्द केली व त्यानंतर तो ओळीने तीनदा निवडून आला.

होनची कारकीर्द याच्या अगदी उलट, निरुपद्रवी भासणाऱ्या कामांची होती. नगराचा मैला ज्या सरोवरात जाई त्याच सरोवराचे पाणी नगर पीत असे. विषमज्वराचे मूळ तेथे होते. जोन्स बेटावर मैलाशुद्धीकरणाचा कारखाना उभा राहिला, आणि उरलेल्या गाळाचे खत करून 1926 पासून ते ‘मिलॉर्गनाइट’ नावाने विक्रीस आले. नगराच्या पुढाकाराने कामकऱ्यांसाठी सहकारी तत्त्वावर घरे बांधली गेली. कर्ज फेडण्यासाठी स्वतंत्र निधी राखला गेला. नगरसभेत होनला कधीच बहुमत नव्हते, तेव्हा प्रत्येक ठराव विरोधकांची समजूत घालूनच मंजूर करून घ्यावा लागे. न्यूयॉर्कच्या तत्त्वनिष्ठ समाजवाद्यांनी या साऱ्याची ‘गटार-समाजवाद’ म्हणून टिंगल केली. मिल्वॉकीकरांनी ती शिवी भूषण म्हणून वागवली, आणि ज्यांच्या घरी विषमज्वराने मूल दगावले होते त्यांच्या लेखी गटार हा थट्टेचा विषय नव्हताच.

याच सुमारास, तेथून सुमारे ऐंशी मैलांवर, मॅडिसनच्या विद्यापीठात जयप्रकाश नारायण मार्क्सचे ग्रंथ वाचत होते. पुढे नाशिकच्या तुरुंगात अच्युत पटवर्धन, मिनू मसानी, अशोक मेहता प्रभृतींच्या सहवासात काँग्रेस समाजवादी पक्षाची कल्पना आकारास आली. आपल्याकडील समाजवाद्यांनी मॉस्कोकडे जितके लक्ष दिले त्याच्या चतुर्थांशाने जरी मिल्वॉकीकडे दिले असते, तर आमच्या नगरपालिकांचे काही भले झाले असते, असे मला राहून राहून वाटते.

संपूर्ण राज्य मात्र समाजवाद्यांच्या हाती कधी आले नाही. शेतकऱ्यांच्या विस्कॉन्सिनला त्यांची भाषा परकी वाटली. तेथे तिसऱ्या पक्षाचा झेंडा रोवला तो ला फॉलेट बंधूंच्या प्रोग्रेसिव्ह पक्षाने, ज्याच्या तिकिटावर फिलिप 1934 आणि 1936 मध्ये गव्हर्नर झाला व त्याचा थोरला भाऊ रॉबर्ट सिनेटवर गेला. 1946 मध्ये तो पक्ष विसर्जित करून रॉबर्ट रिपब्लिकनांत परतला, आणि त्या पक्षाच्या प्राथमिक निवडणुकीत जोसेफ मॅकार्थीने त्याला पाडले.

मिल्वॉकीत फ्रँक झाइडलर 1948 पासून 1960 पर्यंत महापौर होता. त्याच्यानंतर तेथे समाजवादी महापौर झाला नाही. जोन्स बेटावरचा कारखाना चालू आहे, आणि त्या खताच्या पिशव्या अमेरिकेतील दुकानांत अद्याप विकल्या जातात.