परीक्षकाच्या हातांतील तराजू

रसायनशास्त्राचा पेपर संपला, उत्तरपत्रिका गोळा झाल्या आणि विद्यार्थी दालनाबाहेर पडले, कीं दुसरी परीक्षा सुरू होते. उत्तर बरोबर आलें, पण एकक लिहावयाचें राहिलें. पहिल्या पोटप्रश्नांत आकडा चुकला आणि तोच पुढील दोन पोटप्रश्नांत वापरला गेला. समीकरण जुळलें, पण आयनांवरील विद्युद्भार लिहिला नाहीं. याचे किती गुण कापले जातील? अमेरिकेंत दरवर्षीं मे महिन्यांत ‘अ‍ॅडव्हान्स्ड प्लेसमेंट’ या नांवाची रसायनशास्त्राची परीक्षा देणारीं हजारों मुलें हाच हिशेब करीत बसतात. तींत चांगली श्रेणी मिळाली, तर अनेक महाविद्यालयांत पहिल्या वर्षाच्या अभ्यासक्रमांतून सूट मिळते. वेळ वांचतो आणि फीही वांचते. वडीलधाऱ्यांना ही काळजी पोरकट वाटते. झालेला पेपर विसरा, असा उपदेश घरोघर होतो. परंतु परीक्षांचा इतिहास चाळला, तर ही काळजी निराधार होती असें कोणासही म्हणतां येणार नाहीं.

प्रयोगशाळेंत विद्यार्थी ब्युरेटमधून थेंब थेंब आम्ल सोडतो, रंग बदलतांच थांबतो आणि आकडा टिपून घेतो. एवढ्यानें त्याची सुटका होत नाहीं. तोच प्रयोग त्यानें पुन्हां करावा आणि आंकडे जुळेपर्यंत करीत राहावा, असा शिक्षकांचा दंडक असतो. दोन वाचनांत मोठें अंतर पडलें, तर दोष द्रावणाचा नसून हाताचा आहे, हें तेथें गृहीतच असतें. ज्या हातानें गुण दिले जातात, त्या हाताला मात्र हा दंडक फार दिवस कोणी लावला नव्हता.

तो लावण्याचा एक आरंभीचा यत्न फ्रान्सिस एजवर्थ या अर्थशास्त्रज्ञानें केला. १८८८ सालीं त्यानें लॅटिन गद्याच्या एकाच उताऱ्यास २८ जाणत्या परीक्षकांनीं दिलेले गुण प्रसिद्ध केले. शंभरांपैकीं कोणी ४५ दिले होते, तर कोणी पुरे १००. दोन वर्षांनीं त्यानें स्पर्धापरीक्षांतील दैवाच्या भागाविषयीं दुसरा निबंध वाचला व त्यांत हिंदुस्थानच्या सनदी नोकरीच्या परीक्षेचाही विचार केला. यादीच्या शिरोभागीं असलेल्यांना भय नाहीं. परंतु निवडीच्या रेषेजवळ जे उभे असतात, त्यांचें रेषेच्या या बाजूस किंवा त्या बाजूस पडणें बरेंचसें परीक्षकाच्या स्वभावावर अवलंबून असतें, असा त्याच्या गणिताचा निष्कर्ष होता.

पुढें हें काम नेटानें हातीं घेतलें तें सर फिलिप हार्टॉग यांनीं. आपल्याकडे त्यांचें नांव १९२९ च्या शिक्षणविषयक अहवालामुळें आणि ढाका विद्यापीठाचे पहिले कुलगुरु म्हणून परिचित आहे. परंतु मूळचे ते मँचेस्टरच्या ओवेन्स कॉलेजांतील रसायनशास्त्राचे अध्यापक. तेव्हां परीक्षकाची परीक्षा घ्यावी असें एका रसायनशास्त्रज्ञाला वाटावें, यांत नवल तें काय! ऱ्होड्स या संख्याशास्त्रज्ञाच्या साह्यानें त्यांनीं १९३५ सालीं आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. इतिहास विषयाच्या १५ उत्तरपत्रिका त्यांनीं अशा निवडल्या, कीं मूळ परीक्षेंत त्या सर्वांना एकसारखेच मध्यम गुण मिळाले होते. त्या १५ परीक्षकांकडे स्वतंत्रपणें धाडल्या. गुण आले ते २१ पासून ७० पर्यंत! एक वर्षाहून अधिक काळ लोटल्यावर त्याच उत्तरपत्रिका, जुन्या गुणांचा मागमूस न ठेवतां, त्यांपैकीं १४ परीक्षकांकडे पुन्हां गेल्या. एकंदर २१० निर्णयांपैकीं ९२ बदलले. म्हणजे ज्या परीक्षकानें पूर्वीं एखाद्या उत्तरपत्रिकेवर एक निर्णय दिला होता, त्यानेंच आतां तिच्यावर निराळा निर्णय दिला. दुसऱ्याशीं मतभेद होणें समजण्यासारखें आहे. येथें परीक्षकाचा स्वतःशींच मतभेद झाला होता. अहवाल निघतांच इंग्लंडांत खळबळ उडाली, तें साहजिकच होतें. या चौकशींत इतर विषयांबरोबर रसायनशास्त्राच्याही उत्तरपत्रिका होत्या. आकड्याचें उत्तर बरोबर कीं चूक हें सांगतां येतें, हें खरें. परंतु अभिक्रिया तशी कां झाली याचा खुलासा मुलानें चार ओळींत केला, कीं तेथें परीक्षकाची मर्जी शिरकाव करतेच.

अमेरिकेंतील परीक्षामंडळाची पहिली परीक्षा १९०१ च्या जून महिन्यांत झाली. ९७३ विद्यार्थी बसले आणि विषयांत रसायनशास्त्र पहिल्यापासूनच होतें. त्या वेळीं निकाल पांच शब्दांत लागे: उत्कृष्ट, चांगला, संशयास्पद, वाईट व फार वाईट. आधींच संशयांत झुरणाऱ्या मुलाच्या हातीं ‘संशयास्पद’ हाच शेरा पडावा, ही थट्टा बरी नव्हे. याच मंडळानें १९५६ पासून ‘अ‍ॅडव्हान्स्ड प्लेसमेंट’च्या परीक्षा चालविल्या आणि परीक्षकाचा हात बांधण्याचे अनेक उपाय योजिले. रसायनशास्त्राच्या हल्लींच्या परीक्षेंत अर्धें वजन पर्याय निवडण्याच्या ६० प्रश्नांना आहे. तेथें यंत्र गुण देतें. चुकीच्या उत्तरामागें पाव गुण कापण्याची जुनी पद्धत २०११ पासून बंद झाली. उरलेलें अर्धें वजन सात लेखी प्रश्नांचें. त्यांपैकीं तीन दहा दहा गुणांचे व चार चार चार गुणांचे, असे एकंदर ४६ गुण. हीं उत्तरें जून महिन्यांत प्राध्यापक व अनुभवी शिक्षक तपासतात. प्रत्येक गुण कशाबद्दल द्यावयाचा याचें टिपण अगोदर ठरलेलें असतें, आणि नमुन्याच्या उत्तरांवर हात बसल्यावांचून तपासणीस आरंभ होत नाहीं.

या टिपणांत मुलांच्या पुष्कळ शंकांचें उत्तर मिळतें. पहिल्या पोटप्रश्नांतील चुकीचा आकडा पुढें योग्य रीतीनें वापरला असेल, तर पुढचा गुण सहसा जात नाहीं. एकाच चुकीसाठीं दोनदां शिक्षा नको, असा हा न्याय आहे. आकड्यांतील सार्थ अंकांचा काटेकोरपणा सर्वत्र न पाहतां बहुधा एखाद्या ठिकाणींच पाहिला जातो. उलट, बरोबर उत्तराशेजारीं त्याच्या विरुद्ध असें दुसरें उत्तर लिहून ठेवणाऱ्या धोरणी मुलाला मात्र गुण मिळत नाहीं.

इतकें करून एजवर्थची रेषा राहिलीच आहे. लेखी व यांत्रिक गुणांची बेरीज होऊन शेवटीं विद्यार्थ्याच्या हातीं एक ते पांचपैकीं एकच आकडा येतो. किती बेरजेला पांच आणि किती बेरजेला चार, हें प्रश्नपत्रिकेच्या काठिण्याप्रमाणें बदलूं शकतें. म्हणून मागील सालच्या आकड्यांवरून मुलें जें कोष्टक मांडतात, तो केवळ अंदाज असतो. जुलैमध्यें निकाल लागतो. तोंपर्यंत ज्याची बेरीज रेषेवर अडली आहे, त्याच्यापुरता विद्युद्भाराच्या त्या एका चिन्हाचा प्रश्न खुलाच राहतो.