भजनातून उभी राहिलेली चळवळ

राम घाटावरील भजने पिढ्यान्‌पिढ्या ऐकणाऱ्या आम्हां उज्जैनकर मराठी मंडळींस भजन म्हणजे चित्तशांतीचे साधन वाटते. सातपुड्याच्या पायथ्याशी, शहादा तालुक्यात, भजनाने निराळा इतिहास घडविला.

पाडळद्याचे भिल्ल भजनगायक अंबरसिंग सुरतवंती हे लोकांचे 'अंबरसिंग महाराज'. भजनास जमलेल्यांशी ते गमावलेल्या जमिनींविषयी बोलत. कर्जापायी त्या बाहेरून आलेल्या शेतकऱ्यांकडे गेल्या होत्या. मूळ मालक तेथेच सालदार झाले होते. मे १९७१ मध्ये पाटीलवाडीस भिल्लांवर गोळीबार झाला. त्यानंतर सुशिक्षित तरुण साथीस आले आणि १९७२ मध्ये श्रमिक संघटना स्थापन झाली. स्त्रियांनी दारूविरुद्ध मोहीम उघडली. १९७४ मध्ये अंबरसिंग ऐन तारुण्यात निवर्तले. आदिवासींच्या जमिनी परत करण्याचा कायदा महाराष्ट्रात १९७५ मध्ये अमलात आला. तो पाहणे त्यांच्या नशिबी नव्हते.

शासकीय सेवेत आम्ही जमिनीचे कागद पुष्कळ हाताळले. जमीन कोणाच्या नावे आहे हे कागद सांगतो. ती कोणाच्या हातून कशी गेली, हे पुष्कळदा गाणाराच सांगतो. माळव्यातील आपल्या घराण्यांचा इतिहास आपण सनदांपासून आरंभितो. सनदांपूर्वीही या भूमीस माणसे होती, याचे स्मरण अंबरसिंगांचे चरित्र आपणांस देते.