पुरात जात वाहून गेली नाही, जातीचा दाखला वाहून गेला

ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीच्या आयर्विन पुलापाशी कृष्णेचे पाणी ५७ फुटांच्या वर गेले. तेव्हापासून एक वाक्य आम्ही व्याख्यानांत, पुरवण्यांत आणि व्हॉट्सअॅपवर इतक्या वेळा ऐकले आहे की आता ते पाठ झाले आहे. 'पुराने सगळ्यांना एक केले, पुरात जातपात वाहून गेली.' बोलणारे बहुतेक वेळा भल्या मनाचे असतात आणि त्या आठ-दहा दिवसांत खरोखरच काही मोठे घडले होते, हे आम्हालाही मान्य आहे. पण ते कोणामुळे घडले, किती दिवस टिकले आणि पाणी ओसरल्यावर कोणाच्या पदरात काय पडले, हे विचारायला नको का? सातारा आणि सांगली भागात विद्यार्थ्यांसोबत काम करणारे आम्ही काही कार्यकर्ते, हे प्रश्न त्यावेळी चिखलात उभ्या राहिलेल्या पोरा-पोरींकडूनच शिकलो.

आधी पुराची थोडी ओळख. आयर्विन पुलावर ४० फूट ही इशारा पातळी, ४५ फूट ही धोका पातळी. २००५ मध्ये पाणी ५३ फुटांच्या वर गेले होते आणि 'यापुढे काय जाणार' असे म्हणत लोकांनी भिंतीवर खुणा केल्या होत्या. २०१९ ने त्या खुणा बुडवल्या. २०२१ च्या जुलैत पाणी पुन्हा ५५ फुटांच्या आसपास आले आणि त्याच दिवसांत वर साताऱ्याच्या पाटण तालुक्यात आंबेघर, मिरगाव, ढोकावळे या गावांवर डोंगर कोसळला. २०१९ मध्ये पलूस, वाळवा, मिरज या तालुक्यांतली गावेच्या गावे पाण्यात असताना त्याच जिल्ह्याच्या पूर्वेला, जत-आटपाडीकडे, चारा छावण्या आणि पाण्याचे टँकर चालू होते. ८ ऑगस्टला ब्रह्मनाळमध्ये, जिथे येरळा कृष्णेला मिळते, तिथे क्षमतेपेक्षा जास्त माणसे घेऊन निघालेली बोट उलटली आणि डझनाहून अधिक माणसे गेली. बायका होत्या, लेकरे होती. गावाने एकमेकांना हात दिला हे खरे. पण बोटी वेळेवर पोहोचल्या असत्या तर त्या हातांवर इतका भार पडला नसता.

आता विद्यार्थ्यांचे अनुभव. आमच्यासोबतची मुले-मुली बहुतेक वसतिगृहात राहून शिकणारी. कुणी बी.ए.ला, कुणी डी.एड.ला, दोघी-तिघी समाजकार्याच्या. पुराच्या आठवड्यात ती शाळा-महाविद्यालयांत उघडलेल्या निवारा केंद्रांवर राबली. पहाटे चारला उठून भाताचे मोठे पातेले चढवणे, म्हाताऱ्यांची बीपी-शुगरची औषधे लिहून घेणे, बाळंतिणीसाठी वेगळी खोली मिळवणे, आलेल्या कपड्यांच्या ढिगातून नेसता येण्याजोगी लुगडी वेगळी काढणे. (शहरांतून आलेल्या त्या ढिगांत काय काय होते, यावर एक वेगळा लेख होईल. फाटके कपडे दान करून पुण्य मिळते असे मानणारे लोक आपल्याकडे कमी नाहीत.) एका केंद्रावर पाटलाच्या घरातली आजी आणि बौद्धवाड्यातली आजी एकाच सतरंजीवर पाच रात्री झोपल्या. एकमेकींचे पाय चेपले. हे आमच्या मुलींनी डोळ्यांनी पाहिले आणि त्याचे मोल आम्ही कमी करणार नाही.

पण त्याच तालुक्यातल्या दुसऱ्या केंद्रावर दुसऱ्या दिवशीच वर्गखोल्या वाटल्या गेल्या. कुणी फळ्यावर लिहिले नाही, कुणी तोंडाने सांगितले नाही. 'तुमची माणसं तिकडच्या खोलीत आहेत, तुम्हाला बरं पडेल,' एवढेच. तिकडची खोली म्हणजे संडासाशेजारची. जेवण एकाच पातेल्यातले, पण वाढायला कोणी उभे राहायचे हे ठरलेले. आमचा एक विद्यार्थी डाव हातात घेऊन उभा राहिला तेव्हा रांगेतले चौघे 'भूक नाही' म्हणून परतले. तो मुलगा आम्हाला म्हणाला, "दादा, दोन दिवस उपाशी माणसाला माझा हात बघून भूक राहिली नाही." समाजशास्त्राच्या कुठल्या पुस्तकात हे वाक्य बसवायचे ते आम्हाला अजून कळलेले नाही.

पुस्तके काय म्हणतात तेही सांगतो. चार्ल्स फ्रिट्झ या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने दुसऱ्या महायुद्धानंतर आपत्तींचा अभ्यास करून असे मांडले की संकटात माणसे सैरावैरा होत नाहीत, उलट जवळ येतात. दर्जाचे भेद काही काळ गळून पडतात. हा सिद्धांत चुकीचा नाही. मात्र त्याच्यासमोर जो समाज होता, त्यात माणसाच्या स्पर्शाने पाणी बाटत नव्हते. आपल्याकडे २००१ च्या गुजरात भूकंपात आणि २००४ च्या त्सुनामीनंतर तामिळनाडूच्या किनाऱ्यावर दलितांना मदतीच्या रांगेत आणि छावणीत वेगळे ठेवल्याच्या नोंदी मानवी हक्क संघटनांनी केल्या आहेत. फ्रिट्झ वाचून आपल्या गावाबद्दल निष्कर्ष काढणाऱ्यांनी या नोंदीही वाचाव्यात.

आणि इतके लांब तरी कशाला जायचे? याच साताऱ्यातल्या एका विद्यार्थ्याने संकटकाळातली जात कशी असते ते लिहून ठेवले आहे. ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या सरकारी शाळेत, म्हणजे आजच्या छत्रपती प्रतापसिंह हायस्कूलमध्ये, भिवा रामजी आंबेडकर हे नाव दाखल झाले. तो दिवस आता महाराष्ट्रात विद्यार्थी दिवस म्हणून पाळतात. पुढच्याच वर्षी, १९०१ च्या उन्हाळ्यात, हा मुलगा भावाला आणि भाच्यांना घेऊन वडिलांकडे गोरेगावला निघाला. वडील रामजी तिथे खजिनदार होते. कसल्या कामावर? दुष्काळात उपाशी मरणाऱ्या लोकांना मजुरी मिळावी म्हणून सरकारने काढलेल्या तलावाच्या खोदकामावर. म्हणजे हा प्रवास एका आपत्तीच्या मदतकार्याकडे जाणारा होता. मसूर स्टेशनावर उतरल्यावर पोरांची जात कळली. दुप्पट भाडे घेऊन गाडीवान तयार झाला तो बैल पोरांनीच हाकायचे या अटीवर. डब्यात भाकरी होती, पण रात्रभर घोटभर पाणी कुणी दिले नाही. आणि पाण्यावाचून भाकरी घशाखाली उतरेना. बाबासाहेबांनी 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आठवणींत हे सविस्तर सांगितले आहे. मुलुखात दुष्काळ होता, माणसे मरत होती, सरकार मदत करत होते, आणि तरी पाण्याचा माठ बाटण्याची भीती जशीच्या तशी होती. संकट जर आपोआप जात पुसत असते तर ती १९०१ सालीच मसूरच्या रस्त्यावर पुसली गेली असती.

मग त्या पहिल्या केंद्रावरच्या दोन आज्या एका सतरंजीवर कशा आल्या? आमचे उत्तर असे आहे की त्या सतरंजीची तयारी शंभर वर्षे आधी सुरू झाली होती. कर्मवीर भाऊराव पाटलांनी तारुण्यात वारणाकाठच्या दूधगावात सहकाऱ्यांसोबत सर्व जातींच्या मुलांसाठी वसतिगृह काढले. इस्लामपूरच्या शाळेत वर्गाबाहेर बसवलेला एक अस्पृश्य मुलगा त्यांना दिसला आणि त्यांनी त्याला शिकायला कोल्हापूरच्या मिस क्लार्क वसतिगृहात पोहोचवले, असे त्यांच्या चरित्रांत येते. तो मुलगा ज्ञानदेव घोलप, पुढे बाबासाहेबांच्या 'मूकनायक'चा संपादक. १९१९ मध्ये कऱ्हाड तालुक्यातल्या काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापन झाली आणि १९२४ मध्ये साताऱ्यात ते वसतिगृह सुरू झाले, ज्याला १९२७ मध्ये गांधीजींच्या हस्ते छत्रपती शाहूंचे नाव मिळाले. महार, मांग, मराठा, मुसलमान, जैन पोरे एका पंगतीला बसत, आणि पोरांच्या पोटासाठी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले. त्या काळात सहभोजन म्हणजे वर्षातून एकदा लाडू वाटून फोटो काढण्याचा कार्यक्रम नव्हता. ते रोज सकाळ-संध्याकाळ, भांडी घासण्यासकट होत असे. ज्या गावांत दोन-तीन पिढ्या अशा वसतिगृहांतून शिकून आल्या, तिथे पुरात पातेले एक झाले, असा आमचा अनुभव आहे. आजीच्या पाटील घरातला मुलगाही तसल्याच वसतिगृहात शिकलेला निघाला. जिथे शिकलेली माणसे पुण्या-मुंबईला निघून गेली आणि मागे फक्त सोसायटी आणि साखर कारखान्याचे राजकारण उरले, तिथे खोल्या वाटल्या गेल्या. याला अपवाद असतील. पण पुराचे श्रेय नदीला देण्यापेक्षा ते या माणसांना द्यावे.

पाणी ओसरले आणि खरी परीक्षा सुरू झाली. कृष्णाकाठच्या अनेक गावांत आपल्या वस्त्या सखल भागात, ओढ्याच्या कडेला. आधी पाणी तिथे शिरते आणि सगळ्यात शेवटी तिथून निघते. तरी शासनाचा ७ ऑगस्टचा आदेश असा की घर दोन दिवसांहून अधिक काळ पाण्यात असेल तरच मोफत दहा किलो गहू, दहा किलो तांदूळ. यावर राज्यभर ओरड झाली. पण सखल वस्तीला या अटीपेक्षा कागद जास्त नडला. घर कुणाच्या नावावर आहे? आठ-अचा उतारा आहे का? आजोबाने गायरानात बांधलेल्या घराचा उतारा कुठून आणायचा? तीन भाऊ, तीन चुली, पण नोंद एक, म्हणून मदत एकाला. आमच्या विद्यार्थ्यांनी एका वस्तीत दारोदार फिरून वहीत यादी केली: घरात किती चुली, पाणी किती फूट, काय काय गेले. ती यादी पंचनाम्याला आलेल्या कर्मचाऱ्यापुढे ठेवली तेव्हा तो म्हणाला, "तुम्ही शिकलेली पोरं आहात, तुम्हाला कळायला पाहिजे, यादी आमची असते." पोरे हटली नाहीत. तीन दिवस त्याच्या मागे चालत राहिली. सुटलेल्या घरांपैकी काही घरे आत आली, काही नाहीच आली.

पूरग्रस्त शेतकऱ्यांचे एक हेक्टरपर्यंतचे पीककर्ज माफ करण्याचा निर्णय झाला. झाला ते बरे झाले. आमचाही अल्पभूधारक बांधव त्यात आहे. पण ज्याच्याकडे हेक्टरच नाही त्याचे काय? ऊस कुजला म्हणजे मालकाचे पीक गेले आणि भांगलणीला जाणाऱ्या बाईचे तीन महिन्यांचे काम गेले. त्या बुडालेल्या मजुरीसाठी कुठल्याच अर्जात रकाना नव्हता. १ ऑगस्ट २०१९ ला वाळवा तालुक्यातल्या वाटेगावच्या अण्णा भाऊ साठेंचे जन्मशताब्दी वर्ष सुरू झाले होते, हार-तुरे ताजे होते, आणि आठवड्याभरातच अण्णा भाऊंची माणसे मदतीच्या यादीबाहेर उभी होती.

आणि कागदांवरूनच सांगायचे तर, शीर्षकातली गोष्ट. वस्तीतल्या पत्र्याच्या पेट्या फुगून उघडल्या तेव्हा आत लगदा निघाला. शाळा सोडल्याचे दाखले, गुणपत्रिका, जातीचा दाखला, जात पडताळणीचे प्रमाणपत्र. अनुसूचित जातीच्या मुलाला पडताळणीसाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा पुरावा लागतो. आजोबाचा शाळेतला निर्गम उतारा, गावनमुन्यातली एखादी नोंद, जे काही असेल ते. अशिक्षित आजोबाचा पुरावा मिळवायला एका बापाने अर्धे आयुष्य घालवलेले असते. (योगायोग असा की २०१९ च्या त्याच तारखेला, १० ऑगस्टला, सांगली अजून पाण्यात होती.) आमच्या एका विद्यार्थिनीला पुढच्या प्रवेशासाठी ही कागदपत्रे नव्याने हवी होती. एका कार्यालयातून दुसऱ्या कार्यालयात, तिथून शाळेत, शाळेचे रजिस्टरही भिजलेले. पाचव्या हेलपाट्याला एका लिपिकाने विचारले, "पुरात एवढं सगळं गेलं, मग जात कशाला पाहिजे परत?" ती म्हणाली, "सर, जात गेली नाही. कागद गेलाय." व्याख्यानांतून ऐकलेल्या त्या पाठ झालेल्या वाक्याला याहून नेमके उत्तर आम्हाला सुचलेले नाही.

अजून एक चित्र. जवानांचे पाय धरणाऱ्या, त्यांना राख्या बांधणाऱ्या बायकांचे व्हिडिओ साऱ्या देशाने पाहिले, आणि जवान त्या सन्मानाला पात्रच होते. त्यांच्यानंतर मुंबई-पुण्याकडच्या महापालिकांचे सफाई कामगार आले. सांगलीतला कुजका चिखल, मेलेली जनावरे, तुंबलेली गटारे त्यांनी उपसली. त्यांच्या हातात राखी बांधतानाचा व्हिडिओ आम्ही शोधला. आमच्या मोबाईलवर तरी तो आलेला नाही.

पूर म्हणजे दैव, असे बाबासाहेबांनी कधी मानले नाही. व्हाईसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूर मंत्री असताना दामोदर खोऱ्याची योजना त्यांच्या खात्याने पुढे नेली आणि ८ नोव्हेंबर १९४५ ला कटक येथे ओडिशाच्या नद्यांच्या प्रश्नावर बोलताना त्यांनी सांगितले की जास्तीचे पाणी हे संकट समजून समुद्राकडे ढकलू नका, ते साठवा, त्यातून शेती, वीज आणि वाहतूक उभी करा. पाण्याचे नियोजन शासनाने करायचे, आणि त्याचा लाभ कोणाला हेही ठरवायचे, ही त्यांची दृष्टी. कृष्णेच्या पुरानंतर आपल्याकडे चर्चा अलमट्टीचे दरवाजे आणि कोयनेचा विसर्ग यांपाशी थांबते. ती आवश्यकच आहे. पण गावातल्या निवारा केंद्राची यादी कोण करतो, खोल्या कोण वाटतो, पंचनाम्याला सोबत कोण जातो, हा नियोजनाचाच भाग आहे आणि त्यासाठी धरण बांधावे लागत नाही.

आमच्या मुलांनी हे काम हातात घेतले आहे. दर मे महिन्यात ती नदीकाठच्या वस्त्यांत जातात. कागदपत्रांच्या प्रती काढतात, मूळ कागद प्लास्टिकच्या जाड पिशवीत घालून उंचावर ठेवायला लावतात, चुलीगणिक यादी करून ग्रामपंचायतीकडून पोच घेतात आणि गायरानातल्या घरांच्या आठ-अ नोंदीसाठी अर्ज करतात. यंदा दोन वस्त्यांतल्या काही घरांची नोंद झाली. तिसऱ्या गावात ग्रामसेवकाने अर्ज घेतला, पोच दिली नाही. मुले पुढच्या सोमवारी पुन्हा जाणार आहेत.